खाशाबांच्या पदकासाठी प्राचार्यांचं घर गहाण पडलं होतं

जुनी हुबळी : कॉलेजच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत कुस्तीला नाव द्यायला आलेला पोरगा अंगानं किरकोळ होता. क्रीडाशिक्षकांनी त्याला बघितलं आणि नाव घ्यायला नकार दिला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातली ही गोष्ट. पोरगा माघारी फिरला नाही, थेट प्राचार्यांकडे गेला. त्यांनी परवानगी दिली आणि त्यानं एकामागून एक कुस्त्या मारल्या. पुढं स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव ते हेच.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा, कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. शिक्षण कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये, आणि त्याच वयात बेचाळीसच्या चळवळीतही भाग घेतला.

क्रीडाशिक्षकांची नजर मातीतल्या कुस्तीची होती, त्यात त्यांना फार दोष देता येत नाही. हुबळी-धारवाडकडची गरडी असो की कोल्हापूरची तालीम, मातीत वजनदार गड्यालाच मान. ऑलिंपिकचा हिशेब वेगळा. तिथं गादी, वजनाचे गट, घड्याळ आणि गुण. पाठ टेकली नाही तरी गुणांवर कुस्ती जाते. बारीक पण चपळ पैलवानाला खरी संधी होती ती तिथंच.

१९४८ साली कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं ते लंडन ऑलिंपिकला गेले. गादीवरची कुस्ती त्यांना नवीनच होती. तरी फ्लायवेट गटात सहावे आले. पुढची चार वर्षं त्यांनी कसून मेहनत केली.

हेलसिंकीची वेळ आली तेव्हा मात्र घरातूनच खोडा पडला. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांना एका गुणानं मागं टाकण्यात आलं. पंचांनी पक्षपात केला, असं खाशाबांचं म्हणणं होतं. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा चाचणी झाली आणि प्रतिस्पर्ध्याला पाडून त्यांनी जागा मिळवली.

जागा मिळाली, पण जायला पैसा कुठं होता? त्या काळात हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, कराड सगळं एकाच मुंबई राज्यात होतं. सरकारी मदतीवर भागण्यासारखं नव्हतं. गोळेश्वर आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार म्हणजे मध्यमवर्गीय माणसाची जन्माची पुंजी. कॉलेजच्या एका जुन्या विद्यार्थ्यासाठी एवढा जुगार आज कोण खेळेल?

हेलसिंकीत बँटमवेट म्हणजे ५७ किलो गटात खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेल्या लढतीत ते थोडक्यात हरले. लगेच विश्रांतीशिवाय त्यांना सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोवपुढं उभं केलं गेलं, आणि विश्रांतीसाठी भांडायला भारताचा एकही अधिकारी जवळ नव्हता, असं सांगितलं जातं. इशीला सुवर्ण, सोव्हिएत मल्लाला रौप्य आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्य. दुसऱ्याच दिवशी भारतानं हॉकीचं सुवर्ण जिंकलं. याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. त्यांचं नाव आज फारसं कुणाच्या तोंडी नसतं.

गावानं मात्र काही कमी केलं नाही. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक काढून खाशाबांना गोळेश्वरात नेलं. मग खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले, आणि बक्षिसाचे पैसे खर्डेकरांच्या हाती ठेवून त्यांचं घर सोडवलं.

१९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले आणि सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. भारताला पुढचं वैयक्तिक पदक मिळालं ते थेट १९९६ मध्ये, टेनिसपटू लिएंडर पेस यांच्याकडून. खाशाबांना अर्जुन पुरस्कार जाहीर झाला २००१ साली. तेव्हा त्यांना जाऊन १७ वर्षं झाली होती.