पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. त्यामुळे सूर घरातच होता. परंतु बालपणी दत्तजयंतीच्या उत्सवात चेहऱ्याजवळ फटाका उडाला आणि दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट तेथेच खुंटली. पुढे मिरजेच्या संस्थानिकांच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकू लागले.

दरबारात गाणे ऐकावयास सारे उत्सुक असत. गवयाला मात्र प्रतिष्ठितांच्या पंक्तीत स्थान नसे. हे शल्य विष्णुबुवांच्या मनात खोल रुतले. १८९६ मध्ये मिरज सोडून ते बाहेर पडले आणि गात गात पंजाबपर्यंत पोहोचले. ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. ते कोणा राजाच्या खजिन्यावर नव्हे, तर लोकांच्या देणग्यांवर आणि बुवांच्या स्वतःच्या मैफलींवर चालले. एरवी एक चीज पदरात पडावी म्हणून शिष्याने गुरुगृही वर्षानुवर्षे राबावे, अशी रीत होती. येथे अभ्यासक्रम होता, स्वरलिपी होती, छापील पुस्तके होती. बंदिशींतील शृंगारिक शब्द बदलून तेथे भक्तिपर शब्द घालण्याचा बुवांचा आग्रह आज काहीसा अनावश्यक वाटतो. पण सभ्य घरांची दारे संगीताला उघडावीत, ही तळमळ त्यामागे होती.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले. गरीब पण होतकरू मुलांना बुवांनी आपल्याजवळ ठेवून घेतले. त्यांच्या राहण्याजेवणाचा भार संस्थेवर असे. मोबदल्यात मुलांनी शिकून संगीतशिक्षक व्हावे, एवढीच अपेक्षा. शिस्त कडक होती. वसतिगृहात वाढलेल्या आपल्या वाचकांना ती निराळी समजावून सांगावयास नको! ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर हे सारे याच शाळेतून घडले.

विद्यालयासाठी मुंबईत स्वतःची वास्तू उभारताना मोठे कर्ज झाले. ते फेडण्यासाठी बुवा गावोगाव गात फिरले; तरीही ते फिटले नाही आणि अखेर वास्तूचा लिलाव झाला. त्यानंतर त्यांनी नाशिकला आश्रमात वास्तव्य केले. तेथेही काही शिष्य त्यांच्याजवळ राहून शिकत होते. घरी अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती. दत्तात्रेय तेवढा वाचला.

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे बुवांचे निधन झाले, तेव्हा दत्तात्रेय अवघा दहा वर्षांचा होता. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आणि गुरूच्या पोरक्या मुलाला विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी गाणे शिकविले. तोच पुढे डी. व्ही. पलुस्कर या नावाने अवघ्या देशाला ज्ञात झाला.