तबकडीवर न उतरलेला गौरीशंकर

कलापूर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या करवीरनगरीत जुन्या ध्वनिमुद्रिकांचा विषय निघाला, की चर्चा बहुधा एका घराण्यापाशी येऊन ठेपते. केसरबाई केरकरांची तान अधिक डौलदार, की मोगूबाई कुर्डीकरांची लय अधिक पक्की? मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या गाण्यात घराण्याचा अर्क उतरला, की किशोरी आमोणकरांनी ते घराणेच ओलांडले? रसिकांची मते अशी दोन टोकांना जातात. प्रत्येकाच्या हाती पुरावा म्हणून एखादी तबकडी असते. मात्र या सर्व गायकीचे मूळ असलेले उस्ताद अल्लादियाखाँ यांचा स्वर ऐकवणारी एकही ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. ज्यांच्यामुळे हा वाद आहे, त्यांचीच साक्ष काढता येत नाही.

उणियारा ते कोल्हापूर

अल्लादियाखाँ यांचा जन्म १० ऑगस्ट १८५५ रोजी राजस्थानातील उणियारा येथे झाला. घराणे मूळचे अलीगढजवळच्या अत्रौलीचे. पूर्वज नाथ विश्वंभर हे शांडिल्य गोत्री ब्राह्मण होते, अशी या कुटुंबाची परंपरा सांगते. वडील अहमदखाँ यांचे छत्र लवकर हरपले. पुढील तालीम काका जहांगीरखाँ यांच्याकडे झाली. आधी धृपद, मग ख्याल असा तो क्रम होता. धृपदाचे वजन आणि रागाच्या चौकटीची शिस्त पुढे त्यांच्या ख्यालातही कायम राहिली. तरुणपणी जयपुरात त्यांना मुबारक अलीखाँ यांचे गाणे ऐकावयास मिळाले. बडे महंमदखाँ यांच्या या पुत्राची अवघड, वळणावळणाची फिरत त्यांच्या मनावर खोल ठसली.

नंतर अम्लेटा येथील दरबारात असताना आयुष्याला कलाटणी देणारा प्रसंग घडला. तेथे सलग अनेक दिवस गावे लागल्याने त्यांचा आवाज बसला, आणि तो दीर्घ काळ परत आला नाही. गळा हेच ज्याचे भांडवल, त्या गवयावर याहून मोठे संकट कोणते? कालांतराने आवाज आला, पण पूर्वीचा मोकळेपणा आणि गोडवा त्यात राहिला नव्हता. नुसत्या स्वराच्या माधुर्यावर मैफल जिंकण्याचा मार्ग बंद झाला होता. तेव्हा त्यांनी गाण्याचीच मांडणी नव्याने केली. आकाराने पुढे सरकणारा आलाप, तालाच्या प्रत्येक मात्रेशी बांधलेला स्वर, सरळ न धावता चक्राकार फिरणारी तान आणि समेवर येण्याच्या अनपेक्षित वाटा यांतून एक स्वतंत्र गायकी आकाराला आली. आज ती जयपूर-अत्रौली घराणे या नावाने ओळखली जाते.

१८९५च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारी आश्रय दिला. कुस्ती, नाटक आणि संगीत या तिन्ही कलांना महाराजांचा उदार हात होता. १८८३ साली स्थापन झालेल्या गायन समाज देवल क्लबमुळे शहरात जाणत्या श्रोत्यांचा वर्गही तयार होत होता. पाव शतकाहून अधिक काळ खाँसाहेब येथे राहिले. नट कामोद, बसंती केदार यांसारखे जोडराग, पाच स्वरांच्या मालकंसात रिषभ आणि पंचम आणणारा संपूर्ण मालकंस, शिवाय सावनी, खट, खोकर, बिहागडा असे अनवट राग त्यांनी मैफलींत रुजवले. धाकटे चिरंजीव भुर्जीखाँ अंबाबाईच्या मंदिरात गायनसेवा करीत. मुसलमान उस्ताद, देवीचे मंदिर आणि छत्रपतींचा आश्रय यांचा असा मिलाफ या नगरीने पाहिला.

तबकडीचे युग आणि खाँसाहेब

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ कलकत्त्यात दाखल झाले आणि गौहर जान यांच्या तबकड्या निघाल्या. त्या वेळी अल्लादियाखाँ ४७ वर्षांचे होते, म्हणजे ऐन बहरात होते. पुढील तीन-चार दशकांत या यंत्राने गवयांना घरोघरी पोहोचवले. कोल्हापूरपासून जवळच असलेल्या मिरजेचे अब्दुल करीमखाँ यांचा हळवा स्वर तबकड्यांतून महाराष्ट्रभर घुमला. किराणा घराण्याच्या या उस्तादाविषयी आजचा श्रोता स्वतःच्या कानांनी मत बनवू शकतो. अल्लादियाखाँविषयी ती सोय नाही. त्यांचे थोर शिष्य भास्करबुवा बखले यांचेही गाणे असेच काळाच्या पडद्याआड गेले.

खाँसाहेब या यंत्रापासून दूर का राहिले, याची अनेक कारणे दिली जातात. घराण्याची विद्या कोणाच्याही हाती पडू नये, हे त्यांतले एक. मोठ्या कष्टाने जमवलेल्या चिजा आणि रागांच्या वाटा ही त्या पिढीच्या दृष्टीने वंशपरंपरेची ठेव होती. दुसरे कारण कलेच्या अंगाने जाते. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. रागाची इमारत आवर्तनामागून आवर्तन रचत नेणाऱ्या गवयाला एवढ्या अवकाशात काय दाखवता येणार? शिवाय विजेवर चालणारे मायक्रोफोन ध्वनिमुद्रणासाठी रूढ झाले, तेव्हा त्यांनी सत्तरी गाठली होती. त्यापूर्वी कर्ण्यात तोंड घालून गावे लागे.

शिष्यांच्या स्वरांतून

शाहू महाराजांचे ६ मे १९२२ रोजी निधन झाले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली. गोव्यातील केरी गावच्या केसरबाईंची तालीम १९२१पासून सुरू झाली होती. ती गुरूच्या अखेरपर्यंत चालली. याच केसरबाई लहानपणी कोल्हापुरात काही महिने अब्दुल करीमखाँकडे शिकल्या होत्या. मोगूबाईंचा आवाज खाँसाहेबांच्या कानी सांगलीत पडला आणि ते आपण होऊन त्यांना शिकवू लागले. मुंबईत मोगूबाईंना खंड पडत पडत, फार झगडून विद्या मिळवावी लागली. मधली काही वर्षे खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांनी त्यांना शिकवले. धारवाडकडील मल्लिकार्जुन मन्सूर घराण्यात आले ते खाँसाहेबांचे मधले चिरंजीव मंजीखाँ यांचे शिष्य म्हणून. त्याआधीच त्यांच्या तबकड्या निघाल्या होत्या. १९३७ साली मंजीखाँ अकाली गेले. वृद्ध पित्याला हा घाव जिव्हारी लागला. मन्सूर यांची पुढची तालीम भुर्जीखाँनी पुरी केली.

गुरूने टाळलेल्या यंत्रासमोर शिष्य बसले, आणि आज चर्चेला जो आधार आहे तो त्यांच्याच तबकड्यांचा. केसरबाईंचा नट कामोद किंवा ललित ऐकावा, तर तीन मिनिटांतही भरदार आकार, अखंड दमसास आणि भव्य रेखीवपणा जाणवतो. या गायकीची लय फार विलंबित नसल्याने एवढ्या थोडक्या वेळातही स्थायी, अंतरा आणि ताना यांचे दर्शन घडू शकते. मोगूबाईंच्या मोजक्या ध्वनिमुद्रणांत लयीचा बारीक हिशेब आणि रागाची शुद्धता दिसते. मन्सूर यांच्या गाण्यात श्वासागणिक नवी वाट काढणारी अधीरता आहे. किशोरीताईंनी आईकडून मिळालेली शिस्त पचवून आलापाला भावाची वेगळी खोली दिली, आणि घराण्याच्या निष्ठावंतांत मतभेदाची ठिणगी पडली.

यांपैकी कोणाचे गाणे खाँसाहेबांच्या सर्वांत जवळचे, हा प्रश्न वर्षानुवर्षे विचारला जातो. चौघांचे आवाज वेगळे, स्वभाव वेगळे, पल्लेही वेगळे. परंतु उत्तराचा धागा कदाचित याच वेगळेपणात सापडेल. खाँसाहेबांजवळ शिष्यांनी नक्कल करावी असा मोहक गळा उरला नव्हता. जो होता, त्यावर मात करूनच त्यांची गायकी जन्माला आली होती. त्यामुळे शिष्यांना मिळाली ती विचारांची रीत: राग कसा उलगडावा, स्वर लयीत कसा गुंफावा, सम कशी गाठावी. ती रीत प्रत्येकाने आपापल्या गळ्यात उतरवली. त्यांची तबकडी असती, तर कदाचित पुढील पिढ्यांनी तिचीच आवृत्ती काढली असती. अर्थात, म्हणून हानी कमी ठरत नाही. ९० वर्षांच्या आयुष्यातील एकही तान ऐकता येऊ नये, ही खंत कोणत्याही युक्तिवादाने भरून निघत नाही.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत अल्लादियाखाँ यांचे निधन झाले. रसिकांनी त्यांना संगीतातील गौरीशंकर म्हटले. कोल्हापूरचे गोविंदराव टेंबे यांनी त्यांचे मराठीत चरित्र लिहिले. भुर्जीखाँचे पुत्र अझीझुद्दीनखाँ यांना त्यांनी सांगितलेले आत्मकथन २००० साली कोलकात्यातून इंग्रजीत प्रसिद्ध झाले. गाणे राहिले नाही, तरी गाण्यामागचा माणूस या पानांतून भेटतो.

१९७७च्या ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेने व्हॉयेजर ही दोन याने अवकाशात सोडली. पृथ्वीवरील निवडक ध्वनी साठवलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी त्यांत आहे आणि तीवर केसरबाईंची भैरवी आहे. दुसरे यान झेपावल्यावर अवघ्या ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला केसरबाईंचे निधन झाले. ज्या उस्तादाने पृथ्वीवर एकही तबकडी मागे ठेवली नाही, त्याची तालीम शिष्येच्या कंठातून सूर्यमालेच्या सीमा ओलांडून चालली आहे.