विश्लेषण : मेकॅनोच्या खेळातून गणितयंत्र उभारणारे डग्लस हार्ट्री कोण होते?

जी आकडेमोड आज मोबाइल क्षणात करतो, तिच्यासाठी १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठातील एका प्राध्यापकांनी मुलांच्या खेळण्याचे सुटे भाग जोडून यंत्र बनवले. खर्च आला सुमारे २० पौंड. हे यंत्र अणूंची समीकरणेही सोडवू लागले.

अडचण काय होती?

डग्लस हार्ट्री यांचा जन्म २७ मार्च १८९७ रोजी केंब्रिजमध्ये झाला. वडील विल्यम तेथेच अभियांत्रिकी शिकवत. आई इव्हा पुढे शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. पहिल्या महायुद्धात बापलेक दोघेही विमानविरोधी तोफांच्या माऱ्याचे गणित करत होते. आकडेमोडीची गोडी तिथे पक्की झाली. पदवीला मात्र दुसराच वर्ग मिळाला.

१९२६ मध्ये श्रोडिंगर यांचे समीकरण आले. हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असल्याने तिथे ते कागदावर सुटते. इलेक्ट्रॉन अनेक असले की प्रत्येक जण दुसऱ्याला ढकलतो आणि गणित अडते. हार्ट्री यांनी १९२७-२८ मध्ये वाट काढली. बाकीच्या इलेक्ट्रॉनांचा सरासरी प्रभाव आधी अंदाजाने धरायचा, त्यावरून उत्तर काढायचे, त्या उत्तरावरून अंदाज सुधारायचा आणि दोन्ही जुळेपर्यंत हेच करत राहायचे. अणुरचनेच्या अभ्यासात ही पद्धत आजही पायाभूत मानली जाते.

पण ‘करत राहायचे’ म्हणजे हँडलच्या गणनयंत्रावर दिवसच्या दिवस. नोकरी सोडलेले वडील मुलासाठी हे काम करत. दोघांच्या नावाने शोधनिबंधही निघाले.

मेकॅनोच का?

१९२९ मध्ये हार्ट्री मँचेस्टरला प्राध्यापक झाले. अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेव्हर बुश यांनी ‘डिफरन्शियल अॅनालायझर’ हे यंत्र बांधले होते. त्याची छायाचित्रे पाहून हार्ट्री यांना मेकॅनोचा खेळ आठवला. १९३३ मध्ये ते अमेरिकेत जाऊन यंत्र पाहून आले आणि आर्थर पोर्टर या विद्यार्थ्याला सोबत घेऊन खरोखरच मेकॅनोतून त्याची प्रतिकृती बनवली.

यंत्र चालायचे कसे?

खळ्यावर तिवड्याभोवती बैलांची पात फिरते तेव्हा आतल्या बैलाला थोडे आणि कडेच्या बैलाला जास्त चालावे लागते. यंत्राचे मर्म तेच. एक आडवी तबकडी फिरते आणि तिच्यावर एक लहान चाक कडेवर उभे असते. चाक मध्याजवळ असेल तर हळू फिरते, कडेला गेले की वेगाने. वेग बदलत असेल तर चाक त्या प्रमाणात आतबाहेर सरकवायचे. शेवटी चाकाचे एकूण फेरे म्हणजे कापलेले अंतर. गणितात यालाच इंटिग्रेशन म्हणतात. अशी चाके दांडे आणि दातेरी चक्रांनी एकमेकांना जोडली की बदलाच्या दराचे समीकरण, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन, यंत्रातच उभे राहते. उत्तर आलेखाच्या रूपात कागदावर उमटते.

खरी मेख पुढे होती. तबकडीवर नुसते टेकलेले चाक इतके दुबळे असते की त्याने दुसरे काही ओढायला गेले तर ते घसरते आणि उत्तर चुकते. म्हणून मोटरने फिरणाऱ्या ड्रमवर दोरीचे वेढे देऊन जोर वाढवला जाई. धक्क्यावर खुंटाला दोराचे दोन वेढे दिले की एकटा माणूसही बोट धरून ठेवतो, तसेच हे.

पुढे काय झाले?

मेकॅनोच्या यंत्रात सुमारे दोन टक्के चूक राही. तरीही ते पाहून उद्योगपती सर रॉबर्ट मॅकडूगल यांनी पैसे दिले. मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीने बांधलेले मोठे यंत्र १९३५ मध्ये विद्यापीठात सुरू झाले. रेल्वेचे वेड असलेल्या हार्ट्री यांनी त्यावर आगगाडीच्या वेळ-वेगाचे गणितही सोडवले.

मात्र ज्या कामासाठी हा खटाटोप झाला, तिथेच यंत्र अपुरे पडले. अणूंच्या अंतिम आकड्यांना लागणारी अचूकता चाकांना जमेना. ते काम हातानेच होत राहिले. १९४३ मध्ये वडील गेले.

हार्ट्री यांनी आपल्या यंत्राचा अभिमान धरून ठेवला नाही, हे विशेष. १९४६ मध्ये ते फिलाडेल्फियाला ‘एनिअॅक’ या इलेक्ट्रॉनिक संगणकावर काम करायला गेले. तिथे त्यांच्या हवेच्या प्रवाहाच्या गणितासाठी के मॅकनल्टी यांनी मदत केली. त्याही आधी डिफरन्शियल अॅनालायझरच चालवत. त्याच वर्षी हार्ट्री केंब्रिजला परतले. तिथे १९४९ मध्ये मॉरिस विल्क्स यांचा ‘एडसॅक’ सुरू झाला.

तरी संगणक किती पसरतील याचा अंदाज त्यांनाही आला नाही. फेरांटी कंपनीचे व्हिव्हियन बोडन पुढे सांगत, की केंब्रिज, टेडिंग्टन आणि मँचेस्टर येथील तीन संगणक देशाला पुरतील, असे १९५१ मध्ये हार्ट्री यांचे मत होते. १२ फेब्रुवारी १९५८ रोजी केंब्रिजमध्ये त्यांचे निधन झाले. मँचेस्टरच्या मोठ्या यंत्राचे भाग आता संग्रहालयात आहेत.