‘ई. कोलाय’मधला ‘ई’

रत्नागिरीत काय किंवा कुठेही काय, घरच्या कुत्र्याला लघवीचा जंतुसंसर्ग झाला, की तपासणीत बरेचदा ‘ई. कोलाय’ हा जिवाणू सापडतो. यातला ‘ई’ आला आहे डॉ. थिओडोर एशेरिश यांच्या नावावरून.

त्यांचा जन्म १८५७चा, जर्मनीतील आन्सबाखचा. त्या काळी जुलाबांनी असंख्य तान्ही बाळे दगावत. कारण शोधायला एशेरिश यांनी म्युनिकमध्ये बाळांची शी तपासायला घेतली. नवजात बाळाच्या पहिल्या शीत जंतू नसतात, काही तासांतच ते बाहेरून येतात, हे त्यांना दिसले. १८८५ मध्ये त्यांनी निरोगी बाळांच्या आतड्यातल्या या जिवाणूचे वर्णन केले. पुढे ग्राझमध्ये लहान मुलींच्या मूत्राशयदाहातही त्यांना तोच आढळला. व्हिएन्नात त्यांनी अंगावरच्या दुधाचा प्रचार केला. १९११ मध्ये ते गेले. १९१९ मध्ये जिवाणूला त्यांचे नाव मिळाले.

आतड्यात निरुपद्रवी असणारा जिवाणू मूत्राशयात का त्रास देतो, याचे उत्तर जनुकांनी दिले. काही वाण मूत्राशयाला चिकटणारे तंतू बनवतात. औषधाला दाद न देण्याची जनुके तर एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. एकाच घरातल्या माणसांत आणि कुत्र्यामांजरांत एकच वाणही आढळला आहे. एशेरिश यांचा मूळ जिवाणू ब्रिटनमध्ये जपलेला असून त्याचीही जनुके वाचली गेली आहेत.

म्हणून घरात उरलेल्या गोळ्या कुत्र्यामांजराला देऊ नयेत. आधी लघवीचे कल्चर, मग पशुवैद्यकांनी सांगितलेला पूर्ण कोर्स.