दोन मुल्कांकडून खेळलेले नवाब : इफ्तिखार अली खान पतौडी

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला की आपल्या कामोठ्यातल्या पोरांमध्ये एक वाद हमखास रंगतो. अश्रफ हकीमी जन्मला माद्रिदमध्ये, मग तो मोरोक्कोकडून कसा काय खेळतो? आणि लंडनला, आखातात, आफ्रिकेत आपल्याच लोकांची इतकी मुलं वाढली, त्यातलं एखादं भारताकडून का दिसत नाही? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. खिशात ओसीआय कार्ड असलं तरी भारतीय पासपोर्ट नसेल तर भारताची जर्सी मिळत नाही. पुणे एफसीकडून खेळलेल्या इझुमी अराताची आई जपानी आणि वडील गुजराती वंशाचे. त्याने जपानचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं, तेव्हा कुठं २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यात संपत नाही. माणूस कुठल्या मुल्काकडून खेळतो, का खेळतो आणि लोक त्याचा काय अर्थ लावतात, हे समजून घ्यायचं तर आम्हाला एक जुनं नाव आठवतं. खेळ फुटबॉल नाही, क्रिकेट. नाव इफ्तिखार अली खान पतौडी. सैफ अली खानचे दादा म्हटलं की घरातल्या लहानांनाही ओळख पटेल.

१६ मार्च १९१० चा त्यांचा जन्म. पतौडी म्हणजे दिल्लीजवळचं, आजच्या हरियाणातलं छोटंसं संस्थान. वालिद इब्राहिम अली खान १९१७ मध्ये अल्लाहला प्यारे झाले आणि सात वर्षांचं पोर नवाब झालं. लाहोरच्या एचिसन कॉलेजात तालीम झाली, मग ऑक्सफर्डचं बॅलिओल कॉलेज. अभ्यासाचं माहीत नाही, पण बॅटनं तिथं त्यांनी नाव काढलं. १९३१ मध्ये लॉर्ड्सवर केंब्रिजविरुद्धच्या सामन्यात समोरच्या रॅटक्लिफनं २०१ धावा करून विक्रम केला. नवाब साहेबांनी तो दुसऱ्याच दिवशी मोडला, नाबाद २३८. ही धावसंख्या त्या सामन्याचा विक्रम म्हणून सत्तर वर्षांहून जास्त टिकली.

आता इथं थोडं थांबू या. १९३२ च्या जूनमध्ये भारताची पहिलीवहिली कसोटी त्याच लॉर्ड्सवर झाली. कर्णधार होते सी. के. नायडू. नवाब साहेब तेव्हा इंग्लंडमध्येच होते, वुस्टरशायरकडून खेळत होते. पुढच्याच महिन्यात त्याच मैदानावर त्यांनी जंटलमेन संघाकडून प्लेयर्सविरुद्ध १६५ धावा काढल्या आणि इंग्लंडच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर त्यांची निवड झाली.

मग ते आपल्या मुल्काला सोडून गोऱ्यांकडे गेले का? आजच्या चष्म्यातून तसं दिसेल, पण आम्हाला ते बरोबर वाटत नाही. त्या काळी भारताचं वेगळं नागरिकत्वच नव्हतं. इंग्लंडचा राजा तोच हिंदुस्थानचा बादशहा. रणजी आणि दुलीप, दोघेही त्यांच्याआधी इंग्लंडकडून खेळून गेले होते. बाविशीतल्या चांगल्या फलंदाजाला सगळ्यात मोठं क्रिकेट जिथं होतं तिथं जावंसं वाटलं, इतकीच ती गोष्ट.

तो दौरा म्हणजे बदनाम झालेली बॉडीलाइन मालिका. डिसेंबर १९३२, सिडनीची पहिली कसोटी. पदार्पणातच नवाब साहेबांनी १०२ धावा केल्या. पाच तासांहून जास्त वेळ लागला, म्हणजे खेळी काही देखणी नव्हती. पण शतक ते शतक! रणजी आणि दुलीप यांनीही ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या आपापल्या पहिल्या कसोटीत शतक ठोकलं होतं, त्या रांगेत हे तिसरे.

त्यानंतर जे घडलं ते त्या शतकापेक्षा मोठं, असं आमचं मत आहे. कर्णधार जार्डिनचा डाव असा होता की लारवूडनं चेंडू थेट फलंदाजाच्या अंगावर टाकायचे आणि लेग साइडला क्षेत्ररक्षकांचं कडं करून झेल टिपायचे. क्रिकेटची जुनी पुस्तकं सांगतात की नवाब साहेबांनी त्या कड्यात उभं राहायला नकार दिला आणि जार्डिननं त्यावर खोचक टोमणा मारला. मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीत त्यांनी १५ आणि ५ धावा केल्या आणि उरलेल्या मालिकेत त्यांना खेळवलं नाही. धावा कमी म्हणून काढलं की नकार दिला म्हणून, याचं ज्यानं त्यानं ठरवावं. संघ परक्यांचा, कर्णधार हट्टी, आणि आपण त्या संघातले एकटे हिंदुस्थानी. अशा वेळी नाही म्हणायला काळीज लागतं.

१९३४ मध्ये ट्रेंट ब्रिजला ते इंग्लंडकडून शेवटचं खेळले. मग तब्येत साथ देईना. १९३६ च्या भारतीय दौऱ्याआधी कर्णधार म्हणून त्यांचं नाव पुढं होतं, पण त्यांनी माघार घेतली आणि ते पद विजयानगरमच्या महाराजकुमारांकडे गेलं. (त्या दौऱ्यातल्या भांडणांवर वेगळा लेख होईल!) १९३९ मध्ये भोपाळच्या नवाबांच्या शहजादी साजिदा सुलतान यांच्याशी निकाह झाला. १९४१ मध्ये मुलगा झाला, मन्सूर अली.

मग आलं १९४६. महायुद्ध संपलेलं, भारताचा संघ इंग्लंडला निघाला आणि कर्णधार म्हणून निवड झाली ३६ वर्षांच्या नवाब साहेबांची. विजय मर्चंट उपकर्णधार. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्याकडून खेळले त्यांच्याचविरुद्ध आता उभे. इंग्लंड आणि भारत या दोन्ही देशांकडून कसोटी खेळलेले ते आजवरचे एकमेव खेळाडू आहेत.

तो संघ नीट बघा. सोळा जणांत मराठी नावं किती! सांगलीचे विजय हजारे, यष्टिरक्षक दत्ताराम हिंडलेकर, रंगा सोहोनी, चंदू सरवटे, आणि लेगस्पिनर सदू शिंदे, म्हणजे शरद पवारांचे सासरे. सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी सरेविरुद्ध शेवटच्या विकेटसाठी २४९ धावा जोडल्या, दोघांचीही शतकं. मँचेस्टरच्या कसोटीत हिंडलेकर आणि सोहोनी या शेवटच्या जोडीनं उरलेली तेरा मिनिटं खेळून काढली आणि हार वाचवली. मुसलमान खेळाडू चार : स्वतः नवाब साहेब, इंदूरचे मुश्ताक अली, गुल मोहम्मद आणि लाहोरचे अब्दुल हफीज.

मालिका भारत १-० ने हरला. कसोटीत नवाब साहेबांची बॅट चाललीच नाही, तीन सामन्यांत मिळून ५५ धावा. पण त्या उन्हाळ्यात संघ एकत्र ठेवणं हेच मोठं काम होतं. मायदेशात कॅबिनेट मिशनच्या वाटाघाटी फिसकटत होत्या. १६ ऑगस्टला कलकत्त्यात दंगल पेटली आणि दुसऱ्याच दिवशी, १७ ऑगस्टला, ओव्हलची शेवटची कसोटी सुरू झाली. घरून काय खबर येईल या धास्तीत असलेली हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती माणसं एकाच टोपीत मैदानात उतरली. मर्चंटनी १२८ धावा काढल्या, बाकी सगळं पावसानं धुऊन नेलं. फाळणीआधीचा तो भारताचा शेवटचा कसोटी सामना.

वर्षभरात मुल्काचे दोन तुकडे झाले आणि निवड प्रत्येकाच्या दारात येऊन उभी राहिली. या वेळी प्रश्न फक्त संघाचा नव्हता, घर कुठं करायचं हा होता. नवाब साहेबांच्या खानदानातच दोन वाटा झाल्या. धाकटे भाऊ शेर अली खान पाकिस्तानच्या फौजेत गेले, पुढं जनरल झाले. बेगम साजिदांच्या थोरल्या बहीण आबिदा सुलतान भोपाळची वारसदारी सोडून कराचीला गेल्या. नवाब साहेब इथंच राहिले. संस्थान भारतात विलीन झालं आणि एकेकाळचे नवाब दिल्लीत परराष्ट्र खात्यात नोकरीला लागले. आम्हाला त्यांच्या चरित्रातलं हे पान सगळ्यात जवळचं वाटतं, कारण अशी वाटणी आपल्या ओळखीच्या किती घरांत झाली! एक भाऊ मुंबईला, एक कराचीला, आणि ईदला येणारं पत्र.

मुश्ताक अलीही गेले नाहीत, इंदूरलाच राहिले. अब्दुल हफीज ऑक्सफर्डला शिकायला थांबले आणि पुढं पाकिस्तानचे झाले, कारदार हे आडनाव लावून. गुल मोहम्मद आधी भारताकडून खेळत राहिले आणि नंतर, १९५६ मध्ये, पाकिस्तानकडून एक कसोटी खेळले. चौघांच्या चार कहाण्या. यातल्या कुणाला गद्दार आणि कुणाला वफादार म्हणायचं, हा हिशेब मांडणाऱ्यांनी त्या घरांची कागदपत्रं, शेती, आई-वडील, काहीच पाहिलेलं नसतं. सामन्याच्या रात्री नाक्यावर कुणी आपल्या मुलांकडून वफादारीचा दाखला मागतं, तेव्हाही तेच होतं.

५ जानेवारी १९५२. दिल्लीत पोलो खेळताना नवाब साहेबांना हार्ट अटॅक आला आणि घोड्यावरच्या त्या शेवटच्या खेळात त्यांचा इंतकाल झाला. वय ४१. त्याच दिवशी मन्सूर अकरा वर्षांचा झाला होता. हाच मुलगा १९६२ मध्ये, २१ व्या वर्षी, भारताचा कर्णधार झाला. टायगर पतौडी म्हणून सगळे ओळखतात.

मरहूम नवाब साहेब गेले त्याच वर्षी, ऑक्टोबर महिन्यात, त्याच दिल्लीत भारत आणि पाकिस्तान यांची पहिली कसोटी झाली. भारताचे कर्णधार लाला अमरनाथ, पाकिस्तानचे अब्दुल हफीज कारदार. सहा वर्षांपूर्वी दोघेही त्यांच्याच संघात होते.