डिझेल नावाचा माणूस

माझे मामा ट्रक चालवतात. हरमलला आमच्या घरामागे माडांच्या भाटात त्यांची गाडी येऊन उभी राहिली की शेजारच्या पोरांना जत्रा भरल्यासारखे वाटते. बेळगावहून भाजी, कधी सिमेंट, कधी फरशी भरायची आणि चोर्ला घाट उतरून साखळी, डिचोली, म्हापसा असे यायचे, ही त्यांची नेहमीची फेरी. कॉलेजला सुट्टी लागली की मीही त्याच केबिनमधून गावी जाते. आईचे माहेर खानापूरकडचे, त्यामुळे मामांशी आमचे बोलणे निम्मे मराठीत आणि निम्मे कन्नडमध्ये चालते. डिझेल महागले, डिझेल संपत आले, रात्री कोणी डिझेल काढून नेले, हे दोन्ही भाषांत मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण डिझेल हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मला गेल्या मे महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला हे कबूल करताना संकोच वाटतो, तरी खरे तेच लिहिते.

त्याचे असे झाले. मामांच्या मालकाने थंड केबिनची गाडी घेतली. मामा खूश झाले. पण ती केबिन थंड राहते ती इंजिन चालू असेपर्यंतच. माल उतरवायला पहाटे नंबर लागायचा असला की रात्र गाडीतच काढावी लागते. इंजिन बंद केले की केबिनची भट्टी होते. काचा उघडाव्यात तर डास आणि चोर यांची भीती. बॅटरीवर छोटा पंखा लावावा तर एखाद्या पहाटे सेल मारताना गाडी नुसती टक टक करते, आणि मग दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडण्यासाठी आर्जवे करावी लागतात. एकदा असह्य उकाड्यात मामांनी रात्रभर इंजिन चालू ठेवले. महिनाअखेर मालकाने त्या डिझेलचे पैसे पगारातून कापून घेतले. पुढच्या खेपेला मामांनी इंजिन बंद ठेवले आणि रात्र जागून काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटात त्यांचा डोळा लागला आणि डावे चाक गटारात गेले. दरीच्या बाजूला गेले असते तर हा लेख मी लिहिला नसता.

मामांच्या हिशेबाची वही माझ्याकडे असते. कापलेले पैसे बरोबर आहेत का हे पाहण्यासाठी उभ्या गाडीचे इंजिन तासाला किती डिझेल पिते याचा मी शोध घेऊ लागले. तो शोध घेता घेता हा माणूस भेटला.

रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, बव्हेरियाकडचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवीत. मिळकत बेताची होती. १८७० साली फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात युद्ध पेटले आणि इतर जर्मनांप्रमाणे या कुटुंबालाही पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. तिथेही पोट भरण्याची मारामार, म्हणून बारा वर्षांच्या रुडॉल्फला एकट्याला जर्मनीत आउग्सबुर्गला नातेवाइकांकडे धाडण्यात आले. ते गृहस्थ गणिताचे शिक्षक होते. मुलाने तिथेच ठरवून टाकले की आपण इंजिनिअर व्हायचे. पुढे म्युनिकच्या तंत्रशाळेत शिष्यवृत्ती मिळाली आणि १८८० साली तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

म्युनिकला त्याला शिकवणारे प्राध्यापक होते कार्ल फोन लिंडे. अमोनियाच्या साहाय्याने थंडी निर्माण करणारी यंत्रे त्यांनी बनवली होती. त्यांच्या वर्गात डिझेलने ऐकले की उत्तमातले उत्तम वाफेचे इंजिनसुद्धा कोळशातल्या उष्णतेचा शेकडा दहा भागच जेमतेम कामाला लावते, बाकीची वाया जाते. शंभरातले नव्वद रुपये रोज गटारात टाकणारा धंदा आपल्यापैकी कोणी चालवील का? तरुण डिझेलच्या डोक्यातून ही गोष्ट गेली नाही. मात्र पदवीनंतर पोटासाठी त्याने नोकरी धरली ती इंजिनाची नव्हे, बर्फाची! पॅरिसमध्ये लिंडे यांच्या बर्फाच्या यंत्रांचे काम तो पाहू लागला, आणि १८८१ साली त्याने पहिले पेटंट घेतले तेही बाटलीतच बर्फ तयार करण्याच्या कृतीचे. हे वाचून मी वही मिटून ठेवली आणि मामांना फोन केला. ज्याच्या नावाचे तेल जाळल्याखेरीज त्यांच्या केबिनला थंडावा मिळत नाही, तो माणूस आधी थंडाव्याचाच कारागीर होता! मामांनी ऐकून घेतले, आणि तो मालक होता की नोकर एवढेच विचारले. नोकर होता, असे मी सांगितले.

नोकरी सांभाळून डिझेल अनेक वर्षे अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करू पाहत होता. ते साधले नाही. मग त्याने वेगळा मार्ग धरला. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक तापते हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. हवा दाबली की गरम होते. ती इतकी दाबायची की तेलाचा फवारा आत जाताच ठिणगीवाचून आपोआप पेट घ्यावा, एवढीच कल्पना. १८९२ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. आउग्सबुर्गचा यंत्रकारखाना आणि क्रुप यांनी पैसा आणि जागा दिली. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिले यंत्र चालवून पाहिले, तेव्हा आत असा स्फोट झाला की दाब मोजायचे उपकरण फुटून उडाले. माणसे थोडक्यात वाचली. परंतु डिझेलला त्यातच आनंद झाला, कारण ठिणगीवाचून जाळ होतो हे सिद्ध झाले होते. १८९४ च्या फेब्रुवारीत यंत्र सुमारे एक मिनिट आपल्या बळावर फिरले. त्या एका मिनिटानंतर आणखी तीन वर्षे गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत वीस अश्वशक्तीच्या इंजिनाची प्राध्यापक श्र्योटर यांनी रीतसर चाचणी घेतली, तेव्हा उष्णतेतला शेकडा सव्वीस भाग कामी येतो असे आढळले. वाफेच्या इंजिनाच्या दुपटीहून अधिक!

इथून पुढची हकिकत मी वाणिज्याच्या नजरेने वाचली आणि मला वाईट वाटले. देशोदेशीच्या कंपन्या हक्क विकत घ्यायला आल्या. अमेरिकेतल्या बुश नावाच्या बीअरच्या कारखानदाराने दहा लाख मार्क मोजले. डिझेल एकाएकी श्रीमंत झाला. पण यंत्रे अजून कच्ची होती. गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्या, काही पैसे परत मागू लागले. पेटंटचे दावे लागले. त्याची प्रकृती ढासळली आणि काही काळ त्याला आरोग्यधामात राहावे लागले. म्युनिकमध्ये त्याने राजवाड्यासारखे घर बांधले. जमिनींच्या व्यवहारात पैसा घातला आणि तो बुडाला. भांडवल आणि उत्पन्न यांतला फरक आपल्याला पहिल्याच वर्षी शिकवतात. हक्क विकून आलेली रक्कम त्याने उत्पन्न समजून खर्चली असे मला वाटते. प्राध्यापक मंडळींना हे मत धाडसाचे वाटल्यास त्यांनी क्षमा करावी.

त्याच्या मनात खरे होते ते निराळेच. वाफेचे अवजड यंत्र फक्त मोठ्या कारखानदाराला परवडते आणि त्यापुढे छोटा कारागीर टिकत नाही, हे त्याने पाहिले होते. आपले इंजिन सुताराच्या, विणकराच्या दुकानात जावे अशी त्याची इच्छा होती. १९०३ साली कामगारांनी पैपैसा जमवून आपले कारखाने काढावेत अशा अर्थाचे एक पुस्तकही त्याने लिहिले. ते फारसे कोणी विकत घेतले नाही. त्याचे इंजिन प्रत्यक्षात गेले मोठ्या कारखान्यांत, वीजघरांत आणि जहाजांत. तेलाचा फवारा मारण्यासाठी तेव्हा हवा दाबणारे वेगळे अवजड यंत्र लागे, त्यामुळे ते गाडीवर बसेना. १९०८ च्या सुमारास सौरर या स्विस कंपनीबरोबर त्याने ट्रकसाठी लहान इंजिन करून पाहिले, पण ते काही रस्त्यावर धावले नाही. डिझेलवरचे ट्रक जर्मनीत १९२३-२४ साली आले. पुढे आपल्याकडे किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनांचा कारखाना काढला आणि ती लहान इंजिने शेतकऱ्यांच्या विहिरींवर जाऊन बसली. छोट्या माणसाच्या दारी इंजिन नेण्याची त्याची इच्छा इथे थोडी तरी पुरी झाली म्हणायची. ते पाहायला तो नव्हता.

२९ सप्टेंबर १९१३ च्या संध्याकाळी अँटवर्प बंदरातून तो ड्रेस्डेन नावाच्या बोटीने इंग्लंडला निघाला. निघण्यापूर्वी त्याने पत्नी मार्था हिच्याकडे एक बॅग दिली होती आणि ती आठवडाभर उघडू नको असे सांगितले होते. आत वीस हजार मार्क होते. बँकेतली खाती जवळजवळ रिकामी होती. बोटीवर सोबत्यांबरोबर त्याने जेवण घेतले, गप्पा मारल्या आणि सकाळी सव्वासहाला उठवा असे सांगून तो रात्री दहाच्या सुमारास आपल्या केबिनकडे गेला. सकाळी केबिन रिकामी होती. झोपायचे कपडे काढून ठेवलेले, बिछाना जसाच्या तसा. टोपी आणि कोट डेकवर सापडले. दहा दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात प्रेत दिसले. खिशातल्या वस्तू काढून घेऊन खलाशांनी ते पुन्हा समुद्रात सोडले, आणि त्या वस्तू वडिलांच्या आहेत हे धाकटा मुलगा ऑयगेन याने ओळखले. त्याचा कोणी खून केला असेही तेव्हापासून बोलले जाते. पण रिकामी खाती आणि ती बॅग पाहता मला तसे वाटत नाही. त्याचे वय पंचावन्न होते. मामांचे बावन्न आहे.

असो. मामांचा हिशेब मी पुरा केला. उभ्या गाडीत केबिन थंड ठेवायला तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल जाते. आठ तासांचे सोळा लिटर, म्हणजे हजार-दीड हजार रुपये. बॅटरीवर भागवायचे तर गाडीत बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट केलेले असतात. त्या १२० अँपिअर-तासांच्या धरल्या तर सगळी मिळून जेमतेम तीन युनिट वीज. त्यातली निम्मी सकाळच्या सेलसाठी राखावीच लागते. उरलेल्या दीड युनिटवर अगदी छोटे थंडाव्याचे यंत्रसुद्धा तीन तासांत बंद पडेल. पंखा मात्र रात्रभर चालेल, पण मामा बारा व्होल्टचा पंखा दोहोंपैकी एकाच बॅटरीला जोडत होते. ती एकटी उतरे, दुसरी भरलेली राही, आणि दोन्ही लवकर खराब होत. पंख्यासाठी वेगळी तिसरी बॅटरी हवी, इंजिन बंद झाले की मुख्य बॅटऱ्यांपासून ती आपोआप तुटावी, आणि केबिनच्या टपावर शंभर वॉटचा सौर पत्रा असला तर ती दिवसा भरून निघावी, असे मी कागदावर मांडले. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरील ट्रकांना थंड केबिन सक्तीची झाली आहे. परंतु उभ्या गाडीत ती कशावर चालवायची हा प्रश्न त्या ड्रायव्हरांपुढेही राहणारच.

एका घाटातल्या अपघाताचा खर्च आणि वर्षभराच्या बॅटरीचा खर्च असे दोन रकाने शेजारी शेजारी मांडून तो कागद मी मामांमार्फत मालकाकडे पाठवला. कापलेले पैसे त्याने परत दिले नाहीत. बॅटरी घ्यायला तो कबूल झाला आहे, सौर पत्र्याचे दिवाळीनंतर पाहू म्हणतो. तोवर हरमलला आले की मामा गाडी भाटात लावतात आणि ओसरीवर चटई टाकून समुद्राच्या वाऱ्यात निजतात. क्लीनर मात्र गाडी राखायला केबिनमध्येच झोपतो.