जर-तरचे प्रश्न आणि कुरुंदकर गुरुजी



पाऊस पडला तर अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. मग पाऊस पडलाच असेल का? शिष्यवृत्ती आणि एनएमएमएसच्या सरावात हा प्रश्न विचारला की माझ्या वर्गात निम्मे हात 'हो' म्हणून वर येतात. अहो, आईने सडा टाकला असेल ना!

हा घटक घेताना मला नेहमी आपल्या नांदेडचे नरहर कुरुंदकर आठवतात.

त्यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा. मूळ गाव कुरुंदा, आताच्या हिंगोली जिल्ह्यातलं. शिक्षणासाठी ते हैदराबादला मामांकडे, डॉ. नारायणराव नांदापूरकरांकडे राहिले. वाचन अफाट, पण इंटरच्या परीक्षेत नापास! तेही एकदा नाही, अनेकदा. आता बघा, 'मुलगा हुशार असेल तर पास होतो' हे विधान खरं धरलं, तर नापास मुलगा हुशार नाही हे अनुमान अगदी बरोबर येतं. चूक अनुमानात नाही, मूळ विधानातच आहे. पेपरात दिलेलं विधान खरं मानूनच उत्तर लिहायचं असतं. घरी निकालपत्रक हातात घेतल्यावर मात्र ते विधानच तपासावं लागतं. पालकांनो, हे जरा तुमच्यासाठी.

पुढे ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, शिकत शिकत एम.ए. झाले, पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य. गावासाठी मात्र ते 'गुरुजी'च राहिले.

त्यांची विचार करायची रीत बघायची असेल तर त्यांनी शिवाजी महाराजांवर जे लिहिलं ते वाचा. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ला त्यांची प्रस्तावना आहे. त्यांच्या मांडणीतला एक मुद्दा मी माझ्या शब्दांत सांगतो. राज्य केवळ राजाच्या पराक्रमावर उभं असेल, तर राजा गेल्यावर ते कोसळायला हवं. महाराज १६८० ला गेले. औरंगजेब सगळी ताकद घेऊन दक्षिणेत उतरला. १६८९ ला संभाजी महाराज मारले गेले, रायगडही पडला. १७०० ला राजाराम महाराज गेले. तरी लोक लढतच राहिले, ते १७०७ ला औरंगजेब इथंच मरेपर्यंत. म्हणजे राज्य केवळ पराक्रमावर उभं नव्हतं.

जर-तरची गाडी इथंच थांबते. मग ते कशावर उभं होतं? हा कारणाचा प्रश्न झाला, त्याला वेगळा पुरावा लागतो. तो शोधायला गुरुजी लढायांच्या पलीकडे जातात : शेतसारा, वतनदारांना घातलेला लगाम, रयतेशी वागणूक. राज्य लोकांना आपलं वाटत होतं, हे कारण त्यांना तिथं सापडतं. आपण मात्र अजून पाचवीच्या मुलांकडून सनावळ्याच पाठ करून घेतो!

१० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादच्या एका कार्यक्रमात व्यासपीठावरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि ते गेले. वय अवघं ४९.

नांदेड असो की लातूर, सराव पेपर काढताना वरचा शिवाजी महाराजांचा परिच्छेद उतारा म्हणून द्या आणि खाली चार पर्याय. त्यात 'राजाच्या पराक्रमाचा काहीच उपयोग नव्हता' हा पर्याय मुद्दाम घाला. 'केवळ' हा शब्द न वाचता पुढे गेलेली मुलं बरोबर तिथंच खूण करतात. माझ्या वर्गातली अकरा जणं फसली.